डुकरिणीचा पहिला महिना

वसई-विरारकडे ज्यांच्या वाडीत डुकरीण आहे, त्या बंधुभगिनींनो, ती फळल्यावर ११४ दिवसांनी विते हे तुम्ही जाणताच. पण पोटात धरलेल्या दहा गर्भांपैकी दोन-तीन पहिल्या महिन्यातच जिरतात.

याचे कारण शोधायला शास्त्रज्ञ कत्तलखान्यातून गर्भाशय आणतात. आतल्या अस्तराच्या पेशी सुट्या करून उबदार पेटीत, भांड्यात वाढवतात. जंतू शिरले की सारे नासते, म्हणून प्रतिजैविक घालतात. (आपल्या रोपवाटिकेपेक्षा नाजूक काम!) बाराव्या दिवसाच्या सुमारास गर्भ इस्ट्रोजेन सोडून अस्तराला खूण देतात. गर्भ चारांहून कमी असले, तर बहुधा डुकरीण पुन्हा माजावर येते.

तेव्हा फळल्याची तारीख भिंतीवर लिहा. महिनाभर तिला उन्हात ठेवू नका, परक्या डुकरांत सोडू नका, टेम्पोत तर चढवूच नका. एकविसाव्या दिवसाच्या आसपास माज तपासा.