फर्दापूरच्या फाट्यावर बस का वळत नाही?

जळगावहून छत्रपती संभाजीनगरला जाताना (आमच्या घरांत अजून औरंगाबादच म्हणतात) साठेक किलोमीटरवर फर्दापूर लागते. तिथल्या फाट्यावरून अजिंठ्याच्या लेण्यांकडे रस्ता जातो. उर्दू शाळेत नोकरीला लागल्यापासून मी सात सहलींना गेले. सातही वेळा आमची एस.टी. त्या फाट्यावरून सरळ घाटाकडे निघून गेली. दौलताबाद, खुलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि रात्री उशिरा परत. दुसऱ्याच वर्षी एका मुलीने खिडकीतून बोट दाखवून विचारले होते, "आपा, इधर क्या है?" मी म्हटले, लेणी. "तो अपन क्यूं नहीं जाते?" मी तिला नीट बसायला सांगितले, हात आत घ्यायला सांगितले. उत्तर दिले नाही.

माझ्या बी.एड.च्या मैत्रिणी धुळ्याच्या उर्दू शाळांत आहेत. त्यांच्या बसेस चाळीसगाव-कन्नड मार्गे जातात आणि वेरूळजवळून पुढे सरकतात. म्हणजे जळगाववाले अजिंठा सोडून जातात आणि धुळेवाले वेरूळ. खानदेशातल्या आम्हा उर्दू शिक्षकांनी जगाचा वारसा ठरलेल्या दोन ठिकाणांना (१९८३ साली युनेस्कोने दोन्ही यादीत घेतली) वळसा घालण्याचे काम आपसांत असे वाटून घेतले आहे!

यंदा स्टाफ मीटिंगमध्ये मी अजिंठ्याचे नाव काढले. तीन उत्तरे आली. कमिटीतल्या एका बुजुर्ग मौलाना साहेबांनी सांगितले की, बच्च्यांना बुतखान्यात नेणे जायज नाही. एक सहकारी म्हणाले, हल्लीचे वातावरण बघता टोप्या आणि बुरखे घेऊन तिकडे कशाला जायचे, कोणी काही बोलले तर? आणि तिसऱ्यांनी तोडगा काढला, वॉटर पार्क. ना बुत, ना मकबरा, ना झगडा. या तिसऱ्या सूचनेला सर्वांत जास्त माना हलल्या, याचे मला फार वाईट वाटले.

मौलाना साहेबांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्यापाशी दलील आहे. तबूकच्या वाटेवर समूद कौमच्या उजाड वस्तीजवळून जाताना हुजूर (स.) यांनी सोबत्यांना तिथे रडतच शिरा, नाहीतर शिरू नका, असे बजावले होते. हदीस प्रसिद्ध आहे आणि मी ती मानते. पण समूदवर अजाब आला हे आपल्याला कुरआनने सांगितले. वाघोरा नदीच्या काठी राहून गेलेल्या भिक्खूंवर अजाब आला, असे कोणी सांगितले? जे अल्लाहने सांगितले नाही ते आपण आपल्या मनाने कसे ठरवायचे? उलट, जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, हा हुकूम कुरआनात एकदा नाही, अनेकदा आला आहे. घरात बसून कोण काय पाहणार?

राहिला मूर्तींचा प्रश्न. आपण मुलांना दौलताबादला नेतो ना? त्या किल्ल्यात १३१८ साली, कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात, जामा मशीद बांधली गेली. आज तिथे भारतमातेची मूर्ती आहे. आमची मुले दर वर्षी ते विशाल अंगण ओलांडून खांबांच्या रांगा बघून येतात. एकाही पालकाने त्यावर कधी चिठ्ठी पाठवली नाही. मशिदीत मूर्ती पाहून ज्यांचे ईमान शाबूत राहिले, त्यांचे लेणीत बुद्ध पाहून डळमळेल काय? लेण्यांत काही बौद्ध यात्रेकरू हात जोडतात, तो त्यांचा हक्क आहे. आपल्या मुलांना तिथे कोणी हात जोडायला सांगत नाही. पायऱ्या चढायला सांगतात आणि फ्लॅश मारू नका म्हणून ओरडतात.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. अजिंठ्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात ही लेणी दिसली, हे प्रत्येक पुस्तकात असते. (साहेबांनी दहा नंबरच्या लेणीत आपले नाव खरडून ठेवले. भिंतींवर नावे लिहिणाऱ्या आमच्या पोरांचा हा पहिला उस्ताद.) पण पुढचे कोण सांगतो? १९१४ साली हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते निघाले, त्याचे पहिले प्रमुख गुलाम यझदानी. मीर उस्मान अली खान यांच्या सरकारने १९२० साली इटलीहून दोन कारागीर बोलावून चित्रे सावरून घेतली. त्यांनी लावलेले रोगण पुढे पिवळे पडले हेही खरे, पण सुटून पडणारे रंग भिंतीला धरून राहिले. यझदानी साहेबांनी अजिंठ्यावरचा ग्रंथ १९३० ते १९५५ अशी पंचवीस वर्षे खर्चून चार भागांत काढला. लेडी हेरिंगहॅमसाठी चित्रांच्या नकला करणाऱ्यांत नंदलाल बोस होते, तसे हैदराबादचे सय्यद अहमदही होते, आणि हेच सय्यद अहमद पुढे लेण्यांची देखभाल पाहू लागले. वैजापूरचे सिकंदर अली वज्द, पेशाने न्यायाधीश, यांनी उर्दूत 'अजंता' नावाची नज्म लिहिली. यांपैकी कोणाचे ईमान गेल्याचे मी ऐकलेले नाही. आमची मुले वज्द यांची भाषा शिकतात आणि वज्द ज्या ठिकाणी थक्क होऊन उभे राहिले ते ठिकाण त्यांना आम्ही बसच्या काचेतून दाखवतो, तेही नाव न सांगता.

आता मी हे सगळे अजिंठ्याच्या बाजूने सांगते आहे म्हणून खुशीत येणाऱ्यांनाही दोन शब्द. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वातावरण तापले, नागपुरात दंगल झाली. तेव्हापासून आमच्याकडेही हळू आवाजात सुरू झाले आहे की, खुलताबाद यादीतून काढून टाका, उगीच नजरेत येते. का काढायचे? खुलताबाद म्हणजे केवळ एका बादशहाची कबर नव्हे. तिथे बुऱ्हाणुद्दीन गरीब आहेत आणि जैनुद्दीन शिराझी आहेत. आपल्या खानदेशच्या फारुकी सुलतानांचे हे पीर. तापीच्या एका काठावर बुऱ्हाणपूर आणि समोर जैनाबाद, ही नावे त्यांच्यावरूनच पडली. ज्या फारुकींनी दोनशेवर वर्षे खानदेशावर राज्य केले, १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडेपर्यंत, त्यांचे नाव आमच्या दहावीच्या मुलाला सांगता येत नाही. त्यांचे जुने मकबरे धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला आहेत. आपला वारसा, आपला वारसा असे जलशांत गळा काढणाऱ्यांपैकी किती जण थाळनेरला जाऊन आले? लता मंगेशकरांचे आजोळ म्हणून ते गाव लोकांना ठाऊक आहे, मलिक राजाची कबर तिथे आहे म्हणून नाही.

याच फारुकींच्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी शिलालेखासोबत एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. सुलतानाने तो स्वतःच्या मशिदीत कोरून घेतला, कोणाच्या दबावाखाली नव्हे. तेव्हाच्या नमाजींना त्याची अडचण झाली नाही. चारशे वर्षांनी आम्हाला लेणीची पाटी वाचायची अडचण होते!

सहकाऱ्यांची भीती मात्र खोटी नाही आणि तिला मी टोमणा मारणार नाही. एरंडोलच्या मशिदीचा वाद २०२३ साली जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई हुकमापर्यंत आणि मग हायकोर्टापर्यंत गेला, ते एरंडोल आमच्यापासून तासाभरावर आहे. त्या दिवसांत वर्गातली मुले गप्प असायची. गेल्या हिवाळ्यात मी घरच्यांबरोबर अजिंठ्याला गेले, तेव्हा रांगेतला एक माणूस माझ्या बुरख्याकडे बघून सोबतच्याला काहीतरी बोलला आणि दोघे हसले. मला ते लागले. पण त्याच दिवशी सव्वीस नंबरच्या लेणीत, आडव्या पहुडलेल्या त्या अजस्र बुद्धासमोर, नांदेडकडच्या एका बौद्ध बाईने माझ्या भाचीला जवळ घेऊन खाली कोरलेले शोक करणारे शिष्य एकेक करून दाखवले. भाची घरी येऊन आठ दिवस विचारत होती की ते सगळे का रडतात. मी कोणता अनुभव मोजू? दोन्ही मोजते. आणि असेही वाटते की, आपण जितके कमी दिसू तितके आपण त्या रांगेत विचित्र दिसत राहू.

खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत आणि त्यांवर मीटिंगमध्ये कोणी बोललेच नाही. पायऱ्यांची चढण दमवणारी आहे. गाड्या फाट्यापाशीच उभ्या कराव्या लागतात, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते, त्या तिकिटाचे पैसे सहलीच्या वर्गणीत धरावे लागतील. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही, तेवढाच दिलासा. सोमवारी लेणी बंद. शेकडो माणसांच्या श्वासाने चित्रे खराब होतात हेही खरे, म्हणून मुले थोडी आणि शिस्तीची असावीत. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, आठवी-नववीच्या मुलींचे वडील सहलीच्या कागदावर सही करत नाहीत. मकबऱ्याला करतात, कारण तिथे फातेहा म्हणता येते असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. बुतखान्याची बोंब उठली की पहिली गळतात त्या मुलीच. मुले तर उद्या मोटारसायकलवर मित्रांबरोबर जातीलच. त्या मुलींपैकी कित्येकींचे लग्नाआधीचे हेच एक जाणे असते. म्हणून मी या गोष्टीसाठी भांडते आहे, यझदानी साहेबांसाठी नाही.

वॉटर पार्कबद्दल काय बोलायचे! पाणी आपल्या तापीलाही आहे.

तर यंदाचा माझा प्रस्ताव लेखी दिला आहे. रविवार, पहाटे फजरनंतर निघायचे. दुपारपर्यंत अजिंठा. जोहरची नमाज परतताना फाट्यावर, वजूचे पाणी बसमध्ये कॅनमध्ये भरून. मुलींबरोबर दोन शिक्षिका. पुढच्या वर्षी थाळनेर, त्याच्या पुढच्या वर्षी खुलताबाद, तीन वर्षांचे चक्र. मौलाना साहेबांना मी अदबीने निरोप पाठवला आहे की, आपण सोबत यावे, समूदचा किस्सा मुलांना आपल्याच तोंडून ऐकू द्यावा आणि मग मुलांचे सवालही ऐकावेत. ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांच्यासाठी ठेवली आहे. उत्तर अजून आलेले नाही. सह्या झालेले कागद आतापर्यंत एकोणीस आले, त्यांत मुलींचे सहा.