बिनपगारी उमेदवारी कोणाला परवडते?

'उमेदवारी' हा मराठीतला जुना शब्द आहे. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत बिनपगारी उमेदवारांचा एक वर्ग असे. कारकुनाची जागा कधीतरी रिकामी होईल या आशेवर हा उमेदवार नकला करी, दप्तरे बांधी आणि घरचे खाऊन सरकारचे काम करी. ज्याच्या घरी खायला असे, त्यालाच हे परवडे. त्या जागा पुढे कोणत्या घरांतून फिरत राहिल्या, हे वेगळे सांगायला नको. आज तीच उमेदवारी 'इंटर्नशिप' हे नाव धारण करून विद्यापीठाच्या दारात उभी आहे. फरक एवढाच की, आता ती ऐच्छिक राहिलेली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये अभ्यासक्रमांची नवी चौकट ठरविली. तीत पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला. चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तासांचे काम. यामागील तत्त्वाला माझा विरोध नाही. तीस-बत्तीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकविले. पतनियंत्रणावर दहा पाने लिहिणारा, पण बँकेच्या खिडकीपलीकडे कधीही न गेलेला विद्यार्थी मी दरवर्षी पाहिला आहे. त्याला कामाच्या जागी नेलेच पाहिजे. प्रश्न आहेत ते तीन: जागा कोणी शोधायची, खर्च कोणी सोसायचा आणि पूर्वतयारी कोणी करून घ्यायची? या तिन्हींचे व्यवहारातील उत्तर एकच आहे: ज्याचे त्याने पाहावे.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी भेटायला आली. गाव माण तालुक्यातले, घरी तीन एकर जिरायत. महाविद्यालयाने सांगितले होते, जागा तुम्हीच शोधा आणि प्रमाणपत्र आणून द्या. तीन आठवडे ती जिल्ह्याच्या गावी कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत होती. शेवटी पुण्यातील एका कार्यालयाने होकार दिला, अर्थात विनावेतन. तिने वहीत हिशेब मांडला होता: कॉट बेसिसवर राहण्याचे २,५००, मेसचे ३,०००, बस आणि झेरॉक्सचे ८००. महिन्याचे ६,३०० रुपये. त्यासाठी आईने दोन शेळ्या विकल्या. काम काय, तर जुन्या नोंदवह्यांतील नावे संगणकात उतरविणे. तिच्याच वर्गातील एका मुलाचे मामा सनदी लेखापाल. त्याची सोय एका फोनवर झाली आणि ताळेबंद कसा तयार होतो हेही त्याला पाहायला मिळाले. गुणपत्रिकेवर दोघांचे श्रेयांक मात्र सारखेच, चार.

यावर अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेले आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडले की, जे कौशल्य कुठेही उपयोगी पडते, त्याचा खर्च मालक करणार नाही. कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल. म्हणून तो खर्च शिकणाराच कमी वेतनाच्या रूपाने सोसतो. तर्क निर्दोष आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. शिकणाऱ्याजवळ पैसा असला पाहिजे, नाहीतर त्याला तो उसना देणारा कोणी असला पाहिजे. विद्यार्थिनीच्या उमेदीवर कर्ज देणारी बँक मी पाहिलेली नाही. मग खर्चाची वाटणी बापाच्या ऐपतीवर होते आणि 'अनुभव' हे गुणवत्तेचे माप न राहता घराण्याचे माप होते.

आपल्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यावेतन ही मालकाची जबाबदारी ठरविली. २०१९ च्या नियमांनी त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठेवली. पण ज्या उमेदवारीचा त्या कायद्याखाली करारच होत नाही, तिला हे संरक्षण नाही. श्रेयांकांसाठी पाठविलेला विद्यार्थी बहुधा असाच कराराबाहेरचा असतो.

सरकारी योजनांचे काय? २०२४ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आणली: पाच वर्षांत एक कोटी युवक, बारा महिने, दरमहा ५,००० रुपये. त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरासाठी १०,००० रुपये ठरविले. परंतु नियमित शिक्षण घेणारा विद्यार्थी दोन्ही योजनांतून वगळलेला. ज्याच्यावर सक्ती, त्यालाच मदत नाही! शिवाय केंद्राच्या योजनेत पहिल्या फेरीत ८० हजारांहून अधिक जणांना जागा देऊ केल्या गेल्या, पण रुजू झाले नऊ हजारांच्या आत. घरापासून दूर, परक्या शहरात पाच हजारांत महिना निभत नाही, हे त्या मुलांना अर्थमंत्रालयापेक्षा नीट कळले असावे, असे मला वाटते.

मग करावे काय? पहिले म्हणजे, जागा शोधणे ही महाविद्यालयाची जबाबदारी मानावी आणि लेखी करार करावा. त्यासाठी पुणे-मुंबईच गाठण्याचे कारण नाही. बाजार समिती, जिल्हा मध्यवर्ती बँक, पतसंस्था, दूध संघ, पंचायत समिती ही अर्थशास्त्राची खरी प्रयोगशाळा आहे. लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव आठ दिवस पाहणाऱ्याला किंमत कशी ठरते आणि कोणाच्या बाजूने ठरते, हे आयुष्यभर विसरता येणार नाही.

दुसरे, विद्यावेतनावाचून सक्तीची उमेदवारी नको. 'अशाने जागाच मिळणार नाहीत,' असे प्राचार्य म्हणतात. जी मोठी कंपनी बसभाडेही देणार नाही, तिची जागा गेली तर नुकसान कोणाचे? लहान संस्थांसाठी मात्र सार्वजनिक निधी हवा. पैसा नाही, हे कारण महाराष्ट्राने सांगू नये. रोजगार हमीसाठी याच राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला आणि शहरातील पगारदाराकडून खेड्यातील मजुराच्या कामाची तरतूद केली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी बांधून दिले आहेत. त्यातला वाटा येथे वळविता येईल.

तिसरे, पूर्वतयारी. निघण्यापूर्वी पंधरा दिवस अर्ज लिहिणे, ताळेबंद वाचणे, संगणकावर तक्ता करणे आणि रोजची टिपणवही ठेवणे शिकवावे. हक्कही सांगावेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू आहे, हे किती जणींना ठाऊक असते? परतल्यावर प्रत्येकाने वर्गापुढे अहवाल वाचावा. जिथे शिकविले नाही, केवळ राबविले, तिथे पुढच्या वर्षी कोणालाही पाठवू नये.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याच्या महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' रुजविले. तिथे काम संस्था शोधी आणि त्या कामातून विद्यार्थ्याची भाकरी निघे. आज काम विद्यार्थ्याने शोधायचे आणि त्यासाठी घरची भाकरी विकायची, असा उलटा न्याय आहे. विद्यापीठांच्या अधिसभांत आणि विद्यापरिषदांत बसणाऱ्या मित्रांनी येत्या बैठकीत एवढेच विचारावे: गेल्या वर्षी आपण किती विद्यार्थ्यांना कामावर पाठविले आणि त्यांपैकी कितींना विद्यावेतन मिळाले? हा आकडा कागदावर यायला लागला की पुढच्या भांडणाला पाया मिळेल.