गाळ सरकारचा, शिव्या लाँचवाल्याला

पावसाळ्यात मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याहून उरणच्या मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचचे तिकीट वाढले की उरणात ठरलेली ओरड सुरू होते: खाजगीवाले लुटतात, सरकारनेच लाँच चालवाव्यात. राग खरा आहे, पण तो निघतो भलत्यावर.

पावसाळ्यात दर्या खवळतो, उतारू घटतात, डिझेल मात्र जळायचे तेवढे जळतेच. याच महिन्यांत गेटवे-मांडवा सेवा चक्क बंद असते आणि मोऱ्याची लाँच हवामान बरे असेल तेव्हा सुटते. बंद बोटीचे स्वस्त तिकीट घेऊन करायचे काय? शिवाय हे भाडे मालक मनाला येईल तसे लावत नाही. त्याला मेरीटाइम बोर्डाची मंजुरी लागते. बाजार म्हणून आपण ज्याला झोडपतो, तो मुळात परवाना आहे.

खरा छळ ओहोटीचा. मोरा बंदरात गाळ साचलेला. पाणी उतरले की लाँच धक्क्याला लागत नाही. नोकरदार घड्याळ बघत बसतो, मासळीची पाटी उन्हात तापते, लाँचमालकाची फेरी बुडते. गाळ काढणे ज्यांचे काम, त्या सरकारी खात्यांचे मात्र काही बुडत नाही. आणि लाँचही त्यांच्याच हाती द्या म्हणे! त्यांचा वेग असा: वाहनेही नेणारी मांडव्याची रो-रो बोट 2020 मध्ये धावू लागली, मोऱ्याची वर्षानुवर्षे रखडली.

मांडव्याला चुरस कशी असते तेही बघा. गेटवेहून एकाहून अधिक कंपन्यांच्या बोटी सुटतात आणि त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस मिळते. ती द्या असे कुठल्या कायद्याने सांगितले नव्हते. गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीत जाऊन बसेल, ही धास्ती पुरली.

‘मग सुरक्षेचे काय?’ प्रश्न रास्त आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी नौदलाच्या स्पीडबोटीने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली, माणसे बुडाली, लाइफ जॅकेटच्या सक्तीला जोर आला तो त्यानंतर. क्षमता, जॅकेट, इंजिन यांची तपासणी सरकारने कसून करावी. पण त्यासाठी भाडे ठरवायला कशाला बसायचे?

खुल्या बाजाराच्या भाटांनीही फार ताठ चालू नये. 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत आलेली लोकल सरकारी, त्याच दिवशी उद्घाटन झालेला अटल सेतूही सरकारी. मांडव्याच्या बोटी लागतात ती जेट्टीसुद्धा. धक्का, गाळ, तपासणी ही सरकारची कामे. मात्र नियम पाळणाऱ्या कुणालाही मोऱ्याला लाँच लावू द्यावी, भाडे त्याचे त्याला ठरवू द्यावे. आणि भाड्याच्या फलकाशेजारी आणखी एक फलक हवा: गाळ शेवटचा कधी काढला, किती काढला, किती खर्च आला.