8 मिलिसेकंदांचा गिअर तुमच्या फोनला दिसतो का?

अमुक गाडीचा गिअर इतक्या मिलिसेकंदांत पडतो, असे दावे रील्समध्ये सतत दिसतात. पुरावा म्हणून सोबत एखाद्या ॲपचा स्क्रीनशॉट. पण हा आकडा मोजतात कसा, ते आधी बघूया.

2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर32 मध्ये ड्युअल क्लच गिअरबॉक्स दिला. यात पुढचा गिअर आधीच तयार असतो; एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो. या गिअरबॉक्सच्या नावावर 8 मिलिसेकंद हा आकडा आजही फिरतो. 2007 च्या फेरारी 430 स्कुडेरियाचा, म्हणजे एकाच क्लचच्या गाडीचा, दावा 60 मिलिसेकंदांचा. मग फेरारी साडेसातपट हळू? तसं थेट म्हणता येत नाही. पॅडल ओढल्यापासून मोजलं, की चाकांकडे जाणारी ताकद तुटल्यापासून? घड्याळ कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं, त्यावर उत्तर बदलतं.

दुसरा प्रश्न सॅम्पलिंग रेटचा, म्हणजे सेकंदाला किती रीडिंग मिळतात याचा. समजा, ओबीडी पोर्टला लावलेला ब्लूटूथ डोंगल सेकंदाला 10 वेळा आरपीएम सांगतो. तरी दोन रीडिंगमध्ये 100 मिलिसेकंदांची फट राहते. 60 मिलिसेकंदांचा अख्खा गिअरबदल त्या फटीत गायब होऊ शकतो. फोनचं जीपीएस तर साधारणपणे सेकंदाला एकदाच वेग देतं.

त्यातल्या त्यात कामाचा फोनचा ॲक्सेलरोमीटर. अँड्रॉइड 12 पासून खास परवानगी नसलेल्या ॲपला सेकंदाला जास्तीत जास्त 200 रीडिंग मिळतात, म्हणजे दर 5 मिलिसेकंदांना एक. फोन घट्ट बसवला, तर गिअर बदलताना ओढ किती वेळ तुटली ते ग्राफमध्ये खड्ड्यासारखं दिसतं. एएमटीचा झटका यात सहज पकडता येतो. पण 8 मिलिसेकंदांत जेमतेम एक-दोन रीडिंग येतात, आणि होल्डर थरथरला की तीही बिघडतात. तो आकडा फोनने 'सिद्ध' केला असं कुणी म्हणालं, तर सोडून द्या.

एएमटी घ्यायची की जास्त पैसे मोजून ड्युअल क्लच, हे ठरवताना म्हणूनच ब्रोशरमधल्या मिलिसेकंदांपेक्षा तो खड्डा बघा. दोन्ही गाड्यांत तोच फोन, तीच जागा, तेच दोन गिअर ठेवा आणि निदान दहा वेळा मोजा. फोन शेजारी बसलेल्याकडे द्या. आणि फुल ॲक्सेलरेटरची चाचणी फक्त बंद ट्रॅकवर, हायवेवर नाही.