विक्रीपत्राआधीची शेवटची पाहणी

नागपूरचा विस्तार काटोल मार्गाने कळमेश्वरच्या दिशेने होत आहे. औद्योगिक वसाहत, रेल्वे स्थानक आणि शहरापासूनचे वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर यांमुळे नोकरदार कुटुंबे येथे प्लॉट किंवा बांधलेले घर घेण्याचा विचार करतात. अशा व्यवहारात कागदपत्रांची छाननी वकील करतो, कर्ज देणारी बँकही करते. मात्र बयाणा दिल्यापासून विक्रीपत्र होईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत त्या वास्तूचे काय झाले, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. नेमकी हीच चूक महागात पडू शकते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ या बाबतीत स्पष्ट आहे. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत मालमत्तेची योग्य काळजी घेण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. ठाऊक असलेले गंभीर दोष त्याने सांगितलेच पाहिजेत. पण सामान्य दक्षतेने जे दोष खरेदीदाराला दिसू शकले असते, ते सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. मालकी एकदा हस्तांतरित झाली की पुढील हानी खरेदीदाराने सोसायची. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. भिंतीला पडलेली भेग किंवा उखडलेली हद्दीची खूण पाहणे हे त्याचे काम नव्हे.

२०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकाला बळ दिले, हे खरे. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले बांधकामातील दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचे असतात. राज्याच्या २०१७ च्या नियमांतील नमुना करारनाम्यात ताब्यापूर्वी ९५ टक्क्यांपर्यंतच रक्कम घेण्याची मर्यादा आहे. उरलेले पाच टक्के भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर, ताब्याच्या वेळी द्यायचे असतात. दुरुस्ती करवून घेण्यासाठी ग्राहकाच्या हाती असलेला हा शेवटचा लगाम होय. परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही आणि जुन्या घराच्या फेरविक्रीला तर हे संरक्षण लागूच होत नाही. छोट्या गावातील खरेदीदाराला म्हणूनच स्वतःच्या डोळ्यांवर अधिक विसंबावे लागते.

या भागातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर त्याचा परिणाम भिंतींवर आणि फरशीवर दिसतो. उन्हाळ्यात पाहिलेले घर पावसाळ्यात पुन्हा पाहिले, तर छताची गळती आणि अंगणात साचणारे पाणी लक्षात येते. नव्याने दिलेल्या रंगाखाली भेगा झाकल्या आहेत काय, दारे-खिडक्या नीट लागतात काय, विहिरीचा किंवा बोअरचा पंप चालतो काय, हे तपासावे. बोलीत ठरलेले पंखे, गिझर, पाण्याची टाकी जागेवर आहेत ना, हेही पाहावे. वीजबिल आणि घरपट्टीच्या थकबाकीची अद्ययावत पावती मागावी. घरात भाडेकरू असेल, तर केवळ विक्री झाली म्हणून त्याचा हक्क संपत नाही, हे विसरू नये. प्लॉटच्या बाबतीत भूमी अभिलेख कार्यालयाकडून झालेल्या मोजणीच्या खुणा जागेवर ताडून पाहणे अगत्याचे आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये व्यवहार पूर्ण होण्याच्या काही दिवस आधी अशी पाहणी करण्याची रीत रूढ आहे. आपल्याकडेही बयाणापत्रातच दोन ओळी घालून घेता येतात: विक्रीपत्राच्या आधी खरेदीदार पाहणी करील आणि आढळलेला बिघाड दुरुस्त होईपर्यंत ठरावीक रक्कम राखून ठेवील. पाहणी दोन्ही पक्षांच्या समक्ष व्हावी, छायाचित्रे काढावीत आणि त्रुटींच्या यादीवर दोघांच्या सह्या असाव्यात.

आयुष्यभराची पुंजी ओतून आणि वीस वर्षांच्या हप्त्यांचे ओझे स्वीकारून घर घेतले जाते. त्यासाठी विक्रीपत्राच्या आधीचा एक तास राखून ठेवणे, हा विक्रेत्यावरील अविश्वास नव्हे. कायद्याला अपेक्षित असलेली दक्षता हीच.