कृषी सेवा केंद्राने रोख पैसे नाकारावेत का?

मृगाचा दमदार पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. वापसा येण्याच्या बेतात होता आणि तालुक्याच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका शेतकऱ्याबरोबर बियाण्याचा लॉट नंबर पाहायला गेलो होतो. पुढे पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. सोयाबीनच्या तीन पिशव्या आणि १०:२६:२६ ची दोन पोती सांगून त्यांनी कमरेच्या पिशवीतून पाचशेच्या नोटा काढल्या. काउंटरवरच्या मुलाने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवले. त्यावर लिहिले होते, 'रोख व्यवहार बंद. फक्त ऑनलाइन.'

"मावशी, पोराला फोन लावा, तो टाकील पैसे."

"पोरगं पुण्याला कंपनीत हाय. ड्युटीवर फोन उचलत न्हाई."

मागची रांग पुढे सरकली आणि त्या बाजूला झाल्या. मी त्यांच्याकडून रोख घेऊन माझ्या मोबाइलवरून पैसे भरू शकलो असतो, पण हे सुचेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या. तासाभराने एसटी स्टँडवर भेटल्या. दुसऱ्या दुकानात त्यांचे जुने उधारीचे खाते होते. तिथल्या दुकानदाराने रोख घेतली, पण ती मागच्या बाकीत जमा केली आणि नवा माल पुन्हा उधारीवर दिला. हवे असलेले वाण मिळाले नाही. दुकानात शिल्लक होते ते घ्यावे लागले.

हा प्रश्न शहरातल्या मॉलमध्ये किंवा कॉफीच्या दुकानातही पडतो, पण तिथे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊ शकते. पेरणीच्या आठवड्यात शेतकऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा असे आम्हीच सांगतो. मग त्या दोन-चार दिवसांत बियाणे हातात पडायला नको का?

कायदा नेमका काय म्हणतो?

रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम २६ नुसार बँकेची नोट भारतात कुठेही वैध चलन आहे. नाणी कायदा २०११ नुसार एक रुपया आणि त्यावरील नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंत वैध आहेत. इथपर्यंत सगळे स्पष्ट आहे. मात्र दुकानदाराने प्रत्येक विक्रीत रोख घेतलीच पाहिजे आणि न घेतल्यास अमुक दंड, असे कलम २६ मध्ये लिहिलेले नाही. वैध चलनाचा मुख्य अर्थ असा की झालेले देणे त्या चलनात फेडता येते. दुकानदाराचा युक्तिवाद यावरच उभा असतो. तो म्हणतो, माल अजून दिलेला नाही, म्हणजे देणे झालेले नाही, आणि विक्रीच्या अटी मी आधीच भिंतीवर लावल्या आहेत. त्याच न्यायाने उधारीवर माल आधीच उचलला असेल, तर ते देणे झालेले आहे. तिथे 'रोख घेत नाही' म्हणणाऱ्याची बाजू फार कमजोर पडते.

वैध असूनही पैसा नाकारला जातो हे आपल्याला नवे नाही. दहा रुपयांचे नाणे आठवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की चलनात असलेली १४ प्रकारची नाणी सगळी वैध आहेत. तरी कितीतरी गावांत ते नाणे आजही चालत नाही. मे २०२३ मध्ये २,००० ची नोट मागे घेताना ती वैध चलन राहील असे जाहीर झाले, पण दुसऱ्या दिवसापासून दुकानदार हात आखडू लागले. कागदावरची वैधता काउंटरवर आपोआप येत नाही.

आयकराच्या नियमांबद्दल मात्र खूप गैरसमज आहेत आणि ते काही जण मुद्दाम पसरवतात. २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. हा घेणारा शेतकरीही असू शकतो, हे ध्यानात ठेवा. दुसरा नियम दहा हजारांचा. व्यापाऱ्याने खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च त्याला हिशेबात धरता येत नाही. पण शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेताना या नियमातून सूट आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून खुलासा केला की शेतकऱ्याने दोन लाखांच्या आत रोखीने शेतमाल विकला तर व्यापाऱ्याचा खर्च नाकारला जाणार नाही आणि शेतकऱ्याला पॅन देण्याचीही गरज नाही. त्यामुळे 'आयकराच्या नियमामुळे दहा हजारांवर रोख देता येत नाही' असे कोणी कांद्याच्या पट्टीवर सांगत असेल, तर ते खरे नाही.

खताच्या मशीनबद्दलही असेच आहे. अनुदानित खतासाठी पॉस मशीनवर आधार आणि अंगठा लागतो, कारण विक्रीची नोंद झाल्यावरच कंपनीला अनुदान मिळते. पैसे कसे दिले याचा त्या अंगठ्याशी संबंध नाही. 'मशीनला ऑनलाइनच लागतं' हे उत्तर मी स्वतः ऐकले आहे. ते चुकीचे आहे.

दुकानदाराची अडचण

आता दुसरी बाजूही ऐकू. हंगामात एका दिवसाचा गल्ला लाखांत जातो. तो मोजायचा, बनावट नोट निघाली तर तोटा सोसायचा, संध्याकाळी पिशवी घेऊन घरी न्यायची आणि सकाळी बँकेच्या रांगेत उभे राहायचे. चालू खात्यात ठरावीक मर्यादेपलीकडे रोख भरली तर बँक शुल्क लावते. कंपनी किंवा वितरक मालाचे पैसे आरटीजीएसनेच मागतो. खताच्या पोत्यावरचा नफा मुळात थोडा, आणि यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही. अशा दुकानदाराला ऑनलाइन सोयीचे वाटले तर त्यात चूक नाही. सुट्ट्या पैशांची कटकट वेगळीच. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. वरच्या पन्नास पैशांचे काय करायचे, हे कोणालाच माहीत नाही.

सगळेच दुकानदार रोखीच्या विरोधात आहेत असेही नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बेंगळुरूत उलटे फलक लागले होते, 'यूपीआय नाही, फक्त रोख'. म्हणजे ज्याला जे सोयीचे तो ते ठेवतो. गिऱ्हाइकाची सोय कोणी विचारत नाही.

रोख का उरते?

आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात रोख असण्याची कारणे अडाणीपणाची नाहीत. आठवडी बाजारात शेळी विकली, भाजीची पाटी विकली, तर पैसे रोख मिळतात. खुरपणीच्या बायकांची मजुरी बाजाराच्या दिवशी रोखीने द्यावी लागते. अनेक घरांत स्मार्टफोन एकच आणि तो मुलाकडे. जमीन बाईच्या नावावर, खाते तिच्या नावावर, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा.

पण सर्वांत मोठे कारण वेगळे आहे आणि त्याबद्दल कमी बोलले जाते. पीककर्ज थकले की अनेक बँका शेतकऱ्याच्या बचत खात्याला होल्ड लावतात. अनुदान आले, विम्याचे पैसे आले, दिसतात पण काढता येत नाहीत. असे करू नका म्हणून सरकारी सूचना निघतात, तरी दरवर्षी तक्रारी येतातच. अशा शेतकऱ्याला यूपीआय येत नाही असे नसते. येते, पण त्याच्या खात्यातून पैसे हलत नाहीत. त्याला पेरणी करायची असेल तर हातातली रोख हाच मार्ग. ती रोखही नाकारली तर तो कुठे जातो? एसटी स्टँडवरच्या त्या बाई गेल्या तिथेच, उधारीच्या दुकानात.

इथे मला कृषीतज्ज्ञ म्हणून खरी काळजी वाटते. रोख देणारा शेतकरी चार दुकाने फिरून भाव करतो, वाण निवडतो, नको ते टॉनिक नाकारू शकतो. उधारीवाल्याला दुकानदार देईल तेच घ्यावे लागते. युरियाबरोबर लिंकिंगचा माल गळ्यात पडतो तोही बहुतेक वेळा त्याच्याच. आम्ही माती परीक्षणावरून खतांची शिफारस लिहून देतो, आणि उधारीच्या वहीत दुसरेच काहीतरी लिहिले जाते.

२०१६ ची रब्बी आठवत असेल. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी आली आणि ऐन हरभरा-गव्हाच्या पेरणीत शेतकऱ्याची बँकच अडकली. २१ नोव्हेंबरला सरकारला वेगळा निर्णय करून जुन्या ५०० च्या नोटांवर बियाणे घेण्याची मुभा द्यावी लागली, तीही सरकारी बियाणे महामंडळे, विद्यापीठे अशा ठिकाणीच. पैसे देण्याचा एकच मार्ग बंद झाला तर पेरणी किती लवकर अडचणीत येते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. ऑनलाइनचा मार्गही बंद पडतोच. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळले होते. आपल्याकडे तर पहिल्या वादळी पावसात वीज जाते आणि टॉवरही.

'ऑनलाइन असले की पुरावा राहतो'

हा युक्तिवाद विस्तार कार्यकर्तेही करतात, आणि तो अर्धाच खरा आहे. बियाणे उगवले नाही, तर तालुका तक्रार निवारण समितीसमोर काय लागते? वाण, लॉट नंबर, खरेदीची तारीख, पिशवीचे लेबल. यूपीआयच्या पावतीवर फक्त रक्कम आणि दुकानाचे नाव असते. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या राज्यभर तक्रारी झाल्या, तेव्हाही अडचण पक्क्या बिलाचीच होती. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ आणि खत नियंत्रण आदेश १९८५ विक्रेत्याला रोख किंवा उधारीची पावती देणे बंधनकारक करतात. म्हणजे या आदेशांनी रोख विक्री गृहीतच धरली आहे. बिनबिलाचे तणनाशक-सहनशील बेकायदा कापूस बियाणे रोखीने विकले जाते हे खरे. पण त्यावर उपाय बिल तपासणे हा आहे. नोटा बंद केल्याने तो व्यवहार थांबत नाही, कारण त्या विक्रेत्याच्या दारात क्यूआर कोडही लटकतोच.

नियम काय असावा?

बाहेरच्या देशांत हा प्रश्न चर्चेत आहे. डेन्मार्कमध्ये दुकानांना दिवसा रोख घ्यावी लागते, रात्री सूट आहे. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोखीचा हक्क कायद्याने आणखी पक्का केला. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये किराणा आणि इंधन यांसारख्या गरजेच्या वस्तूंपुरते बंधन आणण्याचे जाहीर केले. मला हा शेवटचा विचार आपल्यासाठी योग्य वाटतो.

कापडाच्या किंवा मोबाइलच्या दुकानाने रोख नाकारली तर माझी फारशी तक्रार नाही. पण बियाणे, खते, कीटकनाशके विकायला सरकारचा परवाना लागतो. परवाना दिला की बाकीच्या अटीही घालता येतात. साठा आणि भावाचा फलक लावण्याची अट आहेच. त्यातच आणखी एक असावी: दुकानाच्या वेळेत, एका शेतकऱ्याकडून एका दिवसात निदान २०,००० रुपयांपर्यंत रोख घ्यावी आणि पक्के बिल द्यावे. दोन-तीन एकरांच्या पेरणीच्या निविष्ठा बहुधा त्यात बसतात. त्यावरच्या रकमेला दुकानदाराने ऑनलाइन मागितले तर ते रास्त आहे. आणि ज्याला ऑनलाइनच द्यायचे आहे त्याला 'रोखीने दिलेत तर कमी लावतो, बिल नको' असे सांगणेही याच अटीने बंद व्हावे. त्या बदल्यात हंगामाच्या दोन महिन्यांत परवानाधारकांना बँकेत रोख भरण्याच्या शुल्कात सवलत मिळावी. ओझे सगळे दुकानदारावरच टाकणे बरोबर नाही.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर पैसे रोख द्या किंवा ऑनलाइन, लॉट नंबर लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका आणि पिशवीचे लेबल काढणी होईपर्यंत जपा. उधारीची रोख फेड केली तर त्याच दिवसाची पावती मागा. साधा फोन असेल तर यूपीआय १२३पे किंवा *९९# बँकेतून सुरू करून घ्या. स्मार्टफोन असेल तर यूपीआय लाइटमध्ये थोडे पैसे ठेवा, गर्दीच्या दिवशी ते पटकन जातात. ठिबक, अवजारे अशा अनुदानाच्या खरेदीत मात्र रोख देऊ नका. तिथे स्वतःच्या खात्यातून पैसे गेल्याचा पुरावा मागितला जातो, आणि तो नसल्यामुळे प्रस्ताव परत आलेले मी पाहिले आहेत.

कृषी सहायकांना एक विनंती. मे महिन्यात तालुक्यात विक्रेत्यांची खरीपपूर्व बैठक होते. साठा, लिंकिंग आणि बिलाच्या विषयांबरोबर 'रोख घेणार की नाही' हा प्रश्न तिथे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. कोणते दुकान रोख घेत नाही हे गावाला पाऊस पडण्याआधी कळले, तर निदान त्या दिवशीची एसटीची खेप वाचेल.