थिबा राजवाडा : घर की कैद?

शालेय सहली रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात येतात, रंगीत काचांच्या खिडक्या पाहतात आणि परततात. ही पाहणी आम्हांस अपुरी वाटते. १८८५ साली पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या राजासाठी इंग्रजांनी १९१०च्या सुमारास बांधलेली ही वास्तू म्हणजे वैभव नव्हे, सजवलेली नजरकैद होय. तीस वर्षांच्या हद्दपारीनंतर १९१६ साली थिबा रत्नागिरीतच निवर्तला. म्हणून मुलांनी विचारावे : येथे चूल कोण पेटवी? खर्चाचा हिशेब कोण मागे? थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू याच गावात मराठी बोलत गरिबीत जगली. साम्राज्याचा अर्थ खिडक्यांपेक्षा त्या संसारात अधिक स्पष्ट वाचता येतो. वसाहतवाद शिकवणाऱ्यांनी तो वाचावयास शिकवावे.